जीपची चौथी गादी

जीप आली तेव्हा ती जीप आहे हे मला कळलंच नाही. घाटकोपरला आमच्या चाळीमागे, नळाच्या पलीकडे थोडी मोकळी जागा होती. एका रविवारी चार-पाच जणांनी ढकलत तिथे एक सांगाडा आणून उभा केला. वर टप नाही, आत सीटा नाहीत, एक दिवा फुटलेला. मिलिटरीने मोडीत काढलेली गाडी. आमच्या ह्यांनी आणि त्यांच्या कारखान्यातल्या दोन मित्रांनी मिळून ती घेतली होती. हे विक्रोळीला फिटर होते. मित्रांतला एक वेल्डर, हाडकुळा, सारखी थट्टा करणारा. दुसरा कारखान्याचा ट्रक चालवायचा. अंगाने जाडा, बोलणं थोडं, पण बोलला की हुकूम सोडल्यासारखं. मी दोघांना भावोजी म्हणायचे, तेही मनातल्या मनात. समोर आले की मी पदर सारखा करून आत जायचे.

गाडी आली ती माझ्या माहेरच्या घाटीवरून पडलेल्या पैजेपायी. माझं गाव कोकणात, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर. एसटी पायथ्याशी सोडते. तिथून वर दगडांची पायवाट, माणसांनी आणि गुराढोरांनी चढायची. तांदळाची गोणसुद्धा डोक्यावरून वर जाते. हे लग्नानंतर ती घाटी चढले होते आणि कारखान्यात येऊन बोलून गेले, की जीप असेल तर इथे आरामात चढेल. ट्रकवाले भावोजी म्हणाले, शक्य नाही. तेवढ्यावरून सुरू झालं. बरीच वर्षं डब्याच्या सुट्टीत तेच बोलणं चाललं आणि शेवटी जीप आली.

मी त्यांच्या बोलण्यात कुठेच नव्हते. पण ती घाटी माझी होती.

नळावर शेवाळावरून पाय घसरून मी पडले होते, तेव्हा माझं कमरेचं हाड मोडलं. जुळलं, पण वाकडं. सपाटीवर मी चालते, चाळीचा जिना आडवी होऊन चढते; घाटी मात्र माझ्यासाठी संपली. त्यानंतर एकदाच गावी गेले. पायथ्याशी आंब्याखाली बसले आणि निरोप धाडला. आई खाली आली. आम्ही दुपारभर त्या झाडाखाली बसलो, तिने आणलेले घावणे खाल्ले, आणि संध्याकाळच्या एसटीने मी परत आले. त्यानंतर आईचे गुडघे गेले. आता एकाच घाटीच्या वर ती आणि खाली मी, आणि दोघींनाही ती ओलांडता येत नव्हती. जीप आली त्या वर्षी होळीला गावचा एक माणूस मुंबईला आला. तो म्हणाला, "तुझी आवस आता खळ्याच्या खाली उतरत नाय गो. बसल्या जागी डोळे मिटता." तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. आमटी दोनदा करपली.

मी ह्यांना विचारलं. चार दिवस शब्द जुळवून विचारलं.

"मी येऊ का गावाला? तुमच्याबरोबर?"

हे हाताचं ग्रीस रॉकेलने धूत होते. "कुठे? जीपमधून? अगं, ती घाटी आहे. तुझं हाड तिथेच सुटं होईल. पुढच्या खेपेला बघू. आधी गाडी चढते का बघू दे."

पुढची खेप कधी, हे मी विचारलं नाही.

मग सगळं काम माझ्या कानांनी मी ऐकत राहिले. खोलीत शिलाईच्या मशीनवर बसले की खिडकीखाली हातोडा चालू. चाकांच्या वरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक जादा पाटा घातला, म्हणजे गाडी उंच होईल आणि पोटाला दगड लागणार नाहीत. वेल्डर भावोजींनी इंजिनाखाली जाड लोखंडी पत्रा जोडला. ते काम चाललं की चाळीतली पोरं ठिणग्या बघायला जमायची आणि ते ओरडायचे, "डोळे झाका रे, नाहीतर लग्नाला पोरगी दिसणार नाही." धुराची नळी वळवून वर घेतली. टायर जुनेच, पण खोल नक्षीचे. काम झालं असं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी गळायचं. ब्रेक बसला की पाणी गळे, पाणी थांबलं की ऑइल. मला वाटायचं, होऊच नये ही गाडी. दुसऱ्या क्षणी वाटायचं, आजच व्हावी.

टप आणि सीटांच्या गाद्या शिवायचं काम माझ्याकडे आलं. हिरवं कॅनव्हास. मशीनची सुई दोनदा मोडली तेव्हा उरलेलं दाभणाने शिवलं. गाद्या सांगितल्या होत्या तीन, पुढे दोघांना, मागे एकाला. कापड उरलं. मी चौथी शिवली. तिच्यात काथ्या घातला, वरून जुन्या गोधडीचा तुकडा, कारण माझ्या कमरेला टणक चालत नाही. चारही भिंतीला टेकवून ठेवल्या.

ह्यांनी बघितल्या. "चौथी कशाला?"

"कापड उरलं होतं."

"बरं. कोणाला तरी उशाला होईल."

ह्यांचे मामा आमच्याच चाळीत टोकाच्या खोलीत एकटे राहायचे. सगळ्या चाळीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तेच घालायचे. कोणी नवीन स्टोव्ह आणला तरी लोक मामांना नारळ देत. मी त्यांना रोज पेज न्यायचे. एकदा ते आमच्या दारात उभे राहून गाद्यांकडे बघत होते.

"माणसां किती चाललीहत?"

"तीन."

"आणि ही चौथी?"

मी पेजेचं भांडं पुसत राहिले. ते काठी टेकत गेले.

गाडीची परीक्षा घ्यायला हे तिघे खाणीकडच्या टेकाडावर गेले. परत आले ते तोंडं पाडून. जादा पाट्यांनी गाडी इतकी कडक झाली होती की चढावर मागची चाकं उड्या मारायची आणि जागीच फिरायची.

"बकरीसारखी नाचते," वेल्डर भावोजी म्हणाले. "वाट लागली. तरी मी म्हणत होतो, एवढे पाटे घालू नका."

"कधी म्हणत होतास?" हे म्हणाले.

"मनात."

ट्रकवाले भावोजी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मागे वजन नाही. पाटे काढत बसलो तर आणखी आठवडा जाईल आणि सुट्टी संपेल. रेतीच्या दोन गोण्या टाका मागे. बसेल गाडी."

दुसऱ्या दिवशी गोण्या आल्या. मागच्या उरलेल्या सीटवर, जिथे माणूस बसतो तिथे, एक उभी करून दोरीने बांधली. दुसरी हत्यारांच्या पेटीशेजारी. मी खिडकीतून बघत होते. त्या गोणीची टोकं बांधलेली, अगदी बाईने पदर बांधून बसावं तशी. ती माझ्या माहेरी चालली होती. त्या दुपारी मी सगळी भांडी घासलेली असताना परत घासली.

वैशाखातली ती सकाळ. आमच्या मुली सुट्टीला कांदिवलीला नणंदेकडे गेल्या होत्या. गाडी धुऊन उभी केली, बॉनेटला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. चाळ गोळा झाली. मामा आंघोळ करून, टोपी घालून आले. हातात नारळ घेऊन गाडीसमोर उभे राहिले. हे, दोघे भावोजी आणि बाकी पुरुष मागे उभे. मी बायकांच्याही मागे, नळाच्या कठड्याशी.

"बा देवा महाराजा," मामांनी आवाज लावला. "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा. आज ही तुझी लेकरा गाडी घेवन घाटी चढाक चालली हत. तेंका वाटेत खय अडचण येव देव नको रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

"गाडयेच्या चाकात, पाट्यात काय चुकला-माकला असात, ता तू सांभाळून घे रे महाराजा."

"व्हय महाराजा." वेल्डर भावोजींचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आणि ही माझी सून. वर्सां झाली, आवशीच्या दारात गेली नाय. ती आज ह्याच गाडयेतसून म्हायेराक चालली हा. तिका सुखरूप वरपर्यंत पोचव रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. हेसुद्धा म्हणाले. सवयीने तोंडातून निघून गेलं आणि मग त्यांची मान वळली.

मामांनी नारळ फोडला. कोणाकडे न बघता खोबरं वाटायला लागले.

माझे कान गरम झाले होते. देवासमोर हो म्हटलेलं मागे कसं घ्यायचं, हे त्या तिघांनाही कळत नव्हतं. शेवटी ट्रकवाले भावोजी म्हणाले, "आता काय, म्हटलंय तर न्यायला पाहिजे. एक गोण काढ."

वेल्डर भावोजींनी माझ्याकडे आणि गोणीकडे आळीपाळीने बघितलं. "वहिनी गोणीला भरतील का पण?"

"बोलण्यात भरत नाही," हे दोरी सोडत म्हणाले, "वजनात भरेल."

बायका हसल्या. मी धावत वर गेले, म्हणजे माझ्या परीने धावत. एक लुगडं पिशवीत टाकलं, शेजारणीला किल्ली दिली आणि चौथी गादी काखेत घेऊन आले.

गोवा रस्त्याने दिवसभर धूळ खाल्ली. मुक्काम ह्यांच्या ओळखीच्या घरी केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायथ्याच्या आंब्याखाली आलो. तिथे मी खाली उतरले नाही. उतरले तर हे म्हणतील, बस इथेच, आम्ही तुझ्या आईला निरोप देतो.

ह्यांनी फोर व्हीलचा दांडा ओढला, लहान गिअर टाकला. गाडी माणसाच्या चालीने चढू लागली. मी दोन्ही हातांनी टपाची मागची नळी धरली होती. प्रत्येक दगड माझ्या कमरेतून डोक्यात जात होता. "वहिनी, डावीकडे सरका," मागेच माझ्या समोर बसलेले वेल्डर भावोजी सांगायचे, मी सरकायचे. "आता उजवीकडे." गाडी वाकली की मी उलट बाजूला. करपलेला वास यायला लागला. एकदा पाणी उकळलं, थांबलो, थंड झालं, पुन्हा निघालो.

वरच्या वळणावर दगडाची पायरी आहे, गुडघ्याएवढी. लहानपणी आम्ही तिच्यावर बसून मोळ्या टेकवायचो. तिथे ह्यांनी गाडी थांबवली. एका अंगाला दरी.

ट्रकवाले भावोजी उतरून पायरी बघून आले. "वहिनी, तुम्ही इथे उतरा. गाडी आम्ही वर घेतो. तुम्ही सावकाश चालत या."

तिथून वर नुसता खडा चढ. सावकाशसुद्धा मला तो जमला नसता, हे त्यांना माहीत नव्हतं. ह्यांना माहीत होतं. हे समोर बघत होते.

"मी उतरणार नाही," मी म्हटलं.

मी ट्रकवाल्या भावोजींशी बोललेलं ते पहिलं वाक्य. भावोजी वेल्डरकडे बघायला लागले, जणू तोच बोलला.

"वहिनी, गाडी कलंडली तर?"

"मी उतरले तर मागचं वजन जाईल. ती परत नाचायला लागेल. दरीच्या बाजूला."

इंजिन घरघरत होतं. ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. "धरून बस," म्हणाले.

पुढचं चाक पायरीवर चढलं आणि मला फक्त आभाळ दिसलं. खाली लोखंडाचा पत्रा दगडावर करकरत घासला. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. मागची चाकं एकदा उडाली. मी सगळी खाली दबून बसले, जणू माझ्याने गाडी जमिनीला चिकटणार होती. मग चिकटली. मग सडा, वारा, आणि आमच्या घराचे माड.

आई खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, आमसुलांची सोलं वाळत घालत होती. गाडीची धूळ सरळ तिच्या सोलांवर गेली. तिने मान वर न करता ओरडायला सुरुवात केली. "कोण रे तो? दिसना नाय सोलां घातलीहत ती? तुमका डोळे नायत?"

"आई," मी म्हटलं.

तिने कपाळावर हात धरला. बराच वेळ बघितलं. "तू? घाटी कशी चढलंस?"

"गाडीतून."

ती लंगडत आली. कळशीतलं पाणी माझ्या पायांवर ओतलं, आणि उरलेलं गाडीच्या पुढच्या चाकावर. चाक चुरचुरलं.

पुरुषांनी जेवणं केली, गाडीखाली जाऊन पत्रा बघितला, एकमेकांच्या पाठी थोपटल्या. मी आईजवळ बसले होते पण कान बाहेर होते. ऊन कलायला लागलं तसा हॉर्न वाजला. आईने विचारलं, काय झाला? मी सांगितलं, उतरायला हवं. मागे वजन लागतं, मीच वजन आहे.

आई उठून खळ्यात गेली. "जावयबापू, तुमका वजनच होया ना?"

हे गोंधळले. "हो, म्हणजे, मागे थोडं..."

"मगे नारळ घाला. पडवीत ढीग पडलोहा. होये तेवढे भरा. आणि चेडू माझ्याकडे ऱ्हवात."

"आणि नंतर ती खाली कशी येणार?" ट्रकवाले भावोजी म्हणाले.

"ता मगे बघू," आई म्हणाली, आणि गोणपाटं आणायला वळली.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं नाही. त्यांनी नारळांच्या गोण्या मागे नीट रचून बांधल्या, चौथी गादी काढली आणि पडवीत आणून ठेवली. "कमरेला घे," एवढंच म्हणाले.

गाडी निघाली. मी खळ्याच्या कडेला उभी राहिले. आई सोलांवरची धूळ फुंकत होती आणि मला आत बोलवत होती, पण मी हलले नाही. वळणावरच्या पायरीवर पत्रा घासल्याचा आवाज येईपर्यंत मला धीर नव्हता. तो आला. मग इंजिन खाली खाली जात राहिलं, आणि मी आत गेले.