बंद दाराला दिलेला निरोप

आमची धाकटी सून दवाखान्याच्या संगणक खोलीत काम करते. हाताला वेग असा, की मी चष्मा पुसेपर्यंत तिचं पानभर लिहून होतं. परवा ती डबा घरीच विसरली आणि मला आयतं निमित्त मिळालं. गेलो घेऊन.

"बसा बाबा. हे जुनं मशीन चारला आतलं सगळं पुसून भंगारात द्यायचंय. सगळ्या पेशंटचे रिपोर्ट आहेत यात. पण रोज दुपारी त्यांची नक्कल नव्या मशीनवर जाते."

"कोण नेतं?"

"माझी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला लिहून दिलेल्या सूचना. ती दुसऱ्या प्रोग्रॅमला हुकूम सोडते, 'नक्कल कर.' मग नोंद करते, 'झाली.'"

"झाली, असं तो प्रोग्रॅम म्हणतो?"

"नाही, स्क्रिप्टच लिहिते," ती घास मोडत म्हणाली.

मला हसू आवरेना. माझ्या लग्नाच्या कोटाच्या बाह्या लांब झालेल्या. शिंप्याला सांगायला चुलतभावाला धाडलं. आला नि म्हणाला, "सांगितलं!" लग्नाच्या दिवशी बाह्या तेवढ्याच! विचारलं तर म्हणतो, "दुकान बंद होतं. पण मी दाराशी उभं राहून मोठ्यानं सांगितलं ना!" लग्नाच्या फोटोत मला हातच नाहीत.

सून हसली नाही. घास डब्यात ठेवून तिनं स्क्रिप्ट उघडली. म्हणाली, असा प्रोग्रॅम उत्तर एका वाटेनं देतो, तक्रार दुसऱ्या वाटेनं, आणि जाताना एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे फत्ते. तिन्ही पकडून दाखवतील अशा दोन ओळी तिनं घातल्या आणि स्क्रिप्ट चालवली.

आकडा आला एक. खाली तक्रार: जागा शिल्लक नाही.

नव्या मशीनवर शेवटची नक्कल एकोणीस दिवसांपूर्वीची निघाली.

"रोज ओरडत होता बिचारा," ती हळूच म्हणाली. "मीच कान दिला नाही."

तेवढ्यात साहेब भंगारवाल्याला घेऊन हजर. "पुसलं का?"

"नाही साहेब. आज मशीन जाणार नाही. एकोणीस दिवसांचे रिपोर्ट फक्त यातच आहेत."

"अहो, पण रोज 'झाली' येतं की!"

"ते मीच लिहून ठेवलं होतं. चूक माझी आहे."

साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या, पण भंगारवाला रिकाम्या हाती परतला. आपली चूक चारचौघांत अशी सरळ सांगणारी माणसं मी आयुष्यात मोजकीच पाहिली.

तिनं नव्या मशीनवर जागा मोकळी केली, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. आकडा शून्य आला. तरी एकोणीस दिवसांतले रिपोर्ट एकेक उघडून डोळ्यांनी पाहिले, तेव्हा कुठे उठली.

घरी आल्यावर विचारलं, "जेवलीस का गं?"

"जेवले, बाबा."

मी डब्याचं झाकण उघडलं. मोडलेला घास तसाच होता.