वेडा नको, दारुडा चालेल

आखाती युद्धाच्या दिवसांत सौदीतल्या दम्मामच्या एका खोलीत आम्ही पाचजण राहत होतो, सगळे रत्नागिरीकडचे. त्यातला एक सुतार हल्ल्याचा भोंगा वाजला की खाटेखाली शिरायचा. युद्ध संपलं, भोंगे थांबले, तरी त्याची भीती गेली नाही. आम्ही मजेखातर ताट आपटायचो आणि तो थरथरत खाली शिरला की हसायचो. सगळ्यांत जोरात मीच आपटायचो.

एकदा त्याने आमच्यापुढे हात जोडले. "मला डोक्याच्या डॉक्टरकडे न्या. झोपच येत नाही."

त्याचा सख्खा मामा आमच्याच खोलीत होता. तो म्हणाला, "गावात कळलं तर तुझ्या बहिणीला कोण करून घेईल? वेड्याचं घर म्हणतील."

डॉक्टरकडे नेणं राहिलं. मामाने कफीलशी, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाशी बोलून भाच्याला परत पाठवलं आणि गावी कळवलं, की दारू पिताना पकडला म्हणून नोकरी गेली.

पुढच्या सुट्टीत मी त्या सुताराच्या घरी गेलो. बहिणीचं लग्न झालं होतं. तो पडवीत बसला होता, एक हात मोडून वाकडा झालेला. बाप म्हणाला, "दारू सुटावी म्हणून मीच बडवलं त्याला. तुम्ही तिथे सोबत होतात. खरं सांगा, किती प्यायचा हा?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याने आयुष्यात थेंबही घेतला नव्हता, हे मला ठाऊक होतं.

"बरीच," मी म्हणालो.

बापाने माझ्यासमोर त्याच्या थोबाडीत मारली. मी चहा संपवून निघालो.