मोठ्यानं वाचणाऱ्या बाई

"काऊन वं माय, येवढी मोठी नटी, अन् जीव लावला त्या वेणी घालणारीवर?" मागच्या सतरंजीवरून कोणीतरी कुजबुजलं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मोठ्यानं विचारा न. मी काय हळू वाचून राह्यली?"

बाई हळू वाचतच नसत. बाई शाळेतून निवृत्त झाल्यावर बुलढाण्यातल्या त्यांच्या घरी शनिवारी दुपारी आम्ही काही जणी जमायचो. कोणी गहू निवडायचं, कोणी स्वेटर विणायचं आणि बाई कादंबरी वाचायच्या. प्रेमाचा प्रसंग आला की बायका तोंडाला पदर लावत. बाईंचा आवाज उलट चढायचा. "लाजायचं ते लिहिणाऱ्यानं लाजून घेतलं. आपण काऊन लाजावं?"

वाचून झालं की प्रत्येकीनं एक वाक्य बोलायचं, हा त्यांचा दंडक. मी इंग्रजी शाळेतली. मराठी सुधारावं म्हणून आईनं पाठवलेली. मी दर वेळी म्हणायचे, "छान होतं."

"छान तर चहा बी असते, पोरी."

या पावसाळ्यात बाई गेल्या. आजारपणात मी त्यांना वाचून दाखवायचे. माझा आवाज उतरला की त्या डोळे न उघडता हात वर करायच्या.

ती नटीची कादंबरी गेल्या हिवाळ्यातली. जुन्या काळच्या सिनेमातली नटी, तिचं प्रेम वेणी घालणाऱ्या बाईवर, आणि जगासाठी ती बाई नुसती नोकर. बदनामीच्या भीतीनं नटी शेवटी एका निर्मात्याशी लग्न करते. ते प्रकरण संपलं तसं शेजारच्या काकू म्हणाल्या, "चला, नवरा केला. भलं झालं बिचारीचं."

बाईंनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "कोणाचं भलं झालं? तिचं, नवऱ्याचं, का त्या वेणीवालीचं? सांगा न."

गहू निवडणारे हात तेवढे चालू राहिले.

मला उठून जावंसं वाटत होतं. दुसऱ्याच दिवशी मला पाहायला येणार होते, आणि स्थळ बाईंनीच आणलं होतं. त्यांचा लोणारचा भाचा. बाईंची माया अशीच, समोरच्याचं परस्पर ठरवून टाकणारी. माझ्या स्वेटरचा रंगही त्यांनीच ठरवला होता. "आमच्या घरात आली की मराठी आपोआप सुधरते," असं त्यांनी आईला सांगूनही टाकलं होतं. अवनीबद्दल मी कुणाजवळ अक्षर काढलं नव्हतं. बाईंना सांगावं, तर बाईच तुटतील ही भीती. माझ्याशी एवढं बोलणारं गावात दुसरं कोणी नव्हतं.

बायका पांगल्या. मी सतरंजी गुंडाळत होते.

"उद्या साडी नेस," बाई म्हणाल्या. "थांब, माझी मोरपंखी देते." आणि कपाट उघडायला वळल्यासुद्धा.

त्यांची पाठ माझ्याकडे होती, म्हणून बोलायला जमलं.

"बाई, साडी नको. भाच्याला येऊ नको म्हणा. माझं त्या नटीसारखंच आहे. पुण्याला माझी अवनी आहे."