खड्डा नंबर चार

खड्ड्याच्या बाईंनी मला उभं केलं. हे आधी लिहून ठेवते, काय घडलं ते मागाहून. नाहीतर लिहिता लिहिता घाबरायला होतं आणि मुद्द्याचं राहून जातं.

बाई माती चाखून बघत. चिमूटभर घ्यायची, दाताखाली धरायची, थुंकायची आणि म्हणायचं, "कचकच नाही. कुंभाराची माती." पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बाईंना काही कमी पडतंय की काय. फरीदाबादच्या आसपासच्या गावांत त्यांना 'गड्ढेवाली मैडम' म्हणत. आमच्या क्वार्टरमध्ये आम्ही मराठी बायका खड्ड्याच्या बाई म्हणायचो. बाई मूळच्या पुण्याच्या. गावांनी शेकडो वर्षं भांड्यांसाठी, विटांसाठी, भिंती लिंपायला जिथून माती काढली, ते जुने खड्डे त्या शोधत आणि आत सापडणाऱ्या खापरांवरून गावांचा जुना इतिहास लिहीत. तेव्हा शेतांत भराभर नवे सेक्टर पडत होते आणि सगळ्यात आधी हे खड्डेच मलब्याने भरले जात. बाईंना घाई होती ती त्याची.

कुठल्याही गावात गेल्या की देऊळ, चावडीसारखा चौपाल सोडून आधी खड्डा विचारायच्या. म्हशी बसलेल्या असायच्या आत. एकदा हुक्का ओढत बसलेले एक ताऊ म्हणाले, "मैडमजी, गड्ढे में के धरा है?" बाई म्हणाल्या, "ताऊ, आपका पूरा गाँव यहीं से निकला है।" ताऊ बराच वेळ हसले. मग स्वतःच उठून जुनी कड दाखवायला आले.

मी सातवीत शाळा सोडलेली, सोलापूरकडची. नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागलं होतं आणि गावी कळवायची लाज वाटत होती. भाजीवाल्याशी माझं मोडकंतोडकं हिंदी ऐकून बाई मागून म्हणाल्या, "कुठल्या गं तू?" आठवड्याभरात मी त्यांच्याकडे खापरं धुवायला लागले.

खड्ड्याच्या भिंतीवर जुन्या कुदळीचे घाव दिसत. बाई त्यात बोट घालून दाखवत. "हा बघ, सगळे घाव उजवीकडून. डावखुरा होता." शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल असं बोलायच्या, जणू तो आत्ताच पाणी प्यायला गेलाय.

खड्डा नंबर चारमधून सात पिशव्या निघाल्या. प्रत्येक पिशवी खड्ड्यातल्या वेगळ्या खोलीवरची, जितकं खोल तितकं जुनं, आणि प्रत्येकीत ती खोली लिहिलेली चिठ्ठी. मी खापरं धुऊन गच्चीवर सात वर्तमानपत्रांवर वाळत घातली, चिठ्ठ्यांवर दगड ठेवले. बाई दिल्लीला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे कुणी सर बघायला येणार होते. मला तो पसारा बघवेना. तांदूळ निवडतात तशी मी बसले आणि लाल एकीकडे, काळी एकीकडे, काठाची ओळीने अशी सगळी लावली. चिठ्ठ्यांवरची धूळ झटकून त्या डब्यात ठेवल्या. फार सुरेख दिसत होतं.

पिशव्या भरायला घेतल्या तेव्हा कळलं. पिशव्या सात, चिठ्ठ्या सात आणि ढीग तीन. पुन्हा खोदायचं तर खड्ड्यात दुपारपासूनच मलब्याचे ट्रक रिकामे होत होते.

शेजारची कमलेश म्हणाली, "अरी, सातों में बराबर डाल दे। खापरे कौन-सा बोलेंगे?"

मी एक पिशवी भरलीसुद्धा. मग परत ओतली.

सकाळी बाई आल्या. मी दारातच सगळं सांगितलं, नोकरी गेली असंच समजून. त्या खाटेवर बसल्या. एक खापर उचललं, ठेवलं. "चहा टाक."

चहा घेताना म्हणाल्या, "वाटून भरली असतीस तर मला कळलं नसतं."

"कमलेश तेच म्हणत होती."

"मग?"

"तुम्ही यावर लिहिणार बाई. ते छापून येणार. माझ्यामुळे खोटं छापून यायचं."

बाईंनी कोरी चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात पेन दिलं. "लिही. खड्डा चार. सात पिशव्या एकत्र झाल्या. खोली माहीत नाही. खाली सही."

"माझी?"

"तू केलंस ना? माझ्या सहीखाली माझ्या चुका आहेत, त्या काय थोड्या आहेत?"

बाई रागावल्या नाहीत असं मी लोकांना सांगते, पण ते पूर्ण खरं नाही. दोन दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. सरांसमोर त्यांनी ते तीन ढीग झाकून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकून म्हणाल्या, "आजपासून चिठ्ठ्या तू लिहायच्या. चुकायला तुझ्याइतकं आता कुणीच घाबरणार नाही." त्या दिवसापासून पुढची नऊ वर्षं प्रत्येक पिशवीवर माझं अक्षर आहे. त्याच अक्षराच्या जोरावर पुढे एका शाळेच्या स्टोअरमध्ये लागले.

बाईंचे गुडघे गेले, तेव्हा त्या पुण्याला भावाकडे परतल्या. निझामुद्दीनला गाडीत बसवताना मी रडत होते आणि त्या खिडकीतून रुळांशेजारची माती बघत होत्या.

बल्लभगढच्या पुढे एका गावामागे एक खड्डा अजून उघडा आहे. सरपंचाला भेटून आले आहे. यंदाच्या थंडीत रजा काढून त्यात उतरणार. बाई, तुमच्या सात पिशव्या मी घालवल्या. सात भरून आणीन, पुण्यापर्यंत मांडीवर घेऊन.