ढाल की हातोडा

लिहिणं हे काही माझं काम नव्हे. पण कंपाउंडरबद्दल कुणीतरी सांगायला हवं, आणि त्या दुपारी तिथे मीच होतो.

हा माझा शेजारी. जन्मभर एका दवाखान्यात औषधं दिली. बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवताना याची जीभ बाहेर यायची. बोलणं मात्र तिखट. मुलीनं स्वतःच्या मनानं लग्न ठरवलं तेव्हा म्हणाला, "पुन्हा या घरात पाय ठेवू नकोस." तिनं ते पाळलं. सांभाळून घ्यायला तिची आई तेव्हा उरली नव्हती.

पुढे त्यानं कॉम्प्युटर घेतला आणि मुलगी खेळायची तो राक्षसांचा खेळ शिकला. ती तिच्या घरून, इंटरनेटवर, सोबत खेळायला तयार झाली, पण एका अटीवर. खेळाचंच बोलायचं, घरचं काढलं की ती बंद करणार.

रविवारी मी त्याच्या शेजारी बसायचो. पडद्यावर ती पुढे घुसून लढायची, हा मागून तिच्या जखमा भरायचा.

"इथेही कंपाउंडरच का रे?" मी चिडवायचो.

त्या दिवशी तिला नवं हत्यार निवडायचं होतं.

"हातोडा घेते, बाबा. एका घावात काम तमाम."

"अगं, तो उचलेपर्यंत चौघं तुला बडवून जातील. दोन्ही हात अडकतात ते वेगळंच. आखूड तलवार घे, दुसऱ्या हातात ढाल."

"त्या तलवारीनं राक्षसांना नुसत्या गुदगुल्या होतात."

"मग भाला. लांबूनच टोचायचं."

"आणि कुणी अंगाशी आलं की? तुम्ही आहात ना मागे औषध घेऊन?"

"आहे तर!" कंपाउंडर खुलला.

तिनं हातोडाच घेतला. दोघं किल्ल्यात शिरले, आणि स्पीकरमधून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं.

"थांबा, आलेच," ती म्हणाली.

आपण आजोबा झालो हे त्याला कुणी कळवलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर ती नुसती उभी, राक्षस तिच्यावर तुटून पडलेले. हा तिच्यावर औषध ओतत राहिला. स्वतः मार खात होता, तिकडे बघेना. होती नव्हती ती औषधं संपत आली तेव्हा कुठे ती परतली.

"अजून जिवंत कशी मी?"

"मी होतो ना." त्यानं घसा खाकरला. मी मान हलवून नको म्हणत होतो. "मुलगा की मुलगी?"

तिचा श्वास ऐकू येत होता. मग तोही बंद झाला. ती उभी होती तिथे पडद्यावर काहीच नव्हतं.

"एवढंच तर विचारलं रे," तो म्हणाला. "नावसुद्धा नाही विचारलं."

त्यानंतर ती खेळायला आलेली नाही. हा रविवारी कॉम्प्युटर लावून बसतो. परवा त्यानं तिला लिहिलं, "तुझंच खरं. हातोडाच चांगला. ढालीचं मी उगाच धरून बसलो." पाठवण्याआधी मला दाखवलं.

"यात घरचं काही आलंय का, बघ."

मी नीट वाचलं. काही नव्हतं.

उत्तर आलेलं नाही.