आठ दिवसांचं माप

मी एका माणसाचं माप खोटं केलं, हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ज्याचं माप खोटं केलं, तो जन्मभर खरं माप करत आलेला होता. म्हणून सांगायला इतकी वर्षं जीभ उचलली नाही.

सोलापूरच्या बाजारात धान्य घ्यायला गेला असाल, तर असे मापाडी तुम्हीही पाहिले असतील. ज्वारीच्या राशीपुढं उकिडवं बसायचं, पायलीचं माप भरायचं, वर दाण्यांची निमुळती शीग चढवायची आणि पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं. आमचा मापाडीमामा त्यातलाच. पण माप ओतण्याआधी तो थांबायचा आणि घेणाऱ्याकडं मान वर करून म्हणायचा, “बघितलं का? बघून घ्या की.” घेणाऱ्याचं लक्ष दुसरीकडं असेल तर हात तसाच अधांतरी. व्यापारी करवादायचे, “अरे, हितंच संध्याकाळ करतोस काय?”

“माज्या हाताला दोन धनी हायत, शेटजी. एक हिकडं, एक तिकडं,” मामा म्हणायचा, आणि घाई करायचा नाही.

पुढं किलोचे काटे आले. तेव्हा काटा स्थिर होईपर्यंत तो श्वास धरून उभा राहायचा. बाजारात येणारे आम्ही त्याची नक्कल करायचो. त्याला कळायचं, पण राग नव्हता.

दुष्काळ पडला आणि मंगळवेढ्याकडची ज्वारी बाजारात यायची थांबली. रास नाही तिथं मापाडी काय करणार? मी तेव्हा एका ठेकेदाराकडं हजेरी कारकून होतो. गिरण्यांच्या बॉयलरची साफसफाई, पाइपांची डागडुजी असली कामं तो घ्यायचा. त्या सुमारास त्याला लांब समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्राचं काम लागलं. केंद्र काही आठवडे बंद ठेवून आतली दुरुस्ती करायची होती आणि त्यासाठी माणसं हवी होती. कुंभारीहून, त्याच्या गावाहून, चालत मामा आमच्या कचेरीत आला.

“वीज कशाची करत्यात म्हणं?”

“अणूची.”

“त्यो दिसतो का?”

“नाही मामा. पण मोजता येतो.”

“मोजता येतो न्हवं? मग येतो म्या.”

केंद्रावर प्रत्येकाच्या छातीला एक बिल्ला लावत आणि खिशाला पेनासारखी एक नळी. ती उजेडाकडं धरून डोळा लावला की आत एक बारीक रेघ दिसे. आतल्या किरणांचा अंगावर किती मारा झाला, ते ती रेघ लगेच दाखवी; बिल्ल्यावरही तो नोंदला जाई. ठरावीक आकडा भरला, की त्या माणसाला आत सोडत नसत. तो घरी, आणि त्याच्या जागी नवा माणूस. तिथला सुरक्षा अधिकारी मद्रासकडचा होता, तरुण, आणि या नियमात सुईएवढी फट ठेवत नव्हता.

मामा त्या नळीवर खूश झाला. पहिल्या दिवशी बाहेर आला, एक डोळा मिटून नळीत पाहिलं आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाला, “लाभ!” अधिकाऱ्यानं अर्थ विचारला. मी सांगितल्यावर तो हसत हिंदीत म्हणाला, “मामा, इथं जितकं कमी भरेल तितका लाभ.” संध्याकाळी जेवताना मामा म्हणतो, “लई उलटं माप हाय ओ, साहेब. भरलं की घरी जा म्हंत्यात!”

पण उलटं असलं तरी माप ते माप. रोज बाहेर आल्यावर तो नळीत पाहून आकडा सांगायचा आणि मी तो लिहीपर्यंत हलायचा नाही. “लिवलं का? दावा की.” बाकीचे गडी वैतागून म्हणायचे, “मामा, हित्तं काय ज्वारी विकाय बसलायसा व्हय?”

काम संपत आलं तेव्हा आमच्या बहुतेक माणसांचे आकडे भरले होते. वापरून झालेलं इंधन तिथं पाण्याच्या खोल हौदात ठेवत. त्या बाजूचा एक पाइप गळत होता. खाली साचलेलं किरणोत्सारी पाणी फडक्यांनी टिपायचं, फडकी पिशवीत भरून पिंपात टाकायची, असं काम उरलं होतं. ते काम शिकलेला एकटा मामाच उरला होता, आणि त्याचाही आकडा काठाशी आलेला. नवा माणूस सोलापूरहून आणायला वेळ नव्हता. ठेकेदार मला एवढंच म्हणाला, “बघा बुवा, तुम्हाला कसं जमतंय ते.” युक्ती माझी. ती मी त्याच्यावर ढकलणार नाही. त्याच्या मर्जीत राहायचं होतं मला, एवढंच कारण.

कपडे बदलायच्या खोलीत, आतल्या दारापाशी, मी हजेरी घेऊन बसायचो. सकाळी मामा आला तेव्हा मी म्हणालो, “मामा, बिल्ला आणि नळी माझ्याकडं द्या. आत पाणी आहे. ओल लागली तर माप बिघडेल.”

त्याला हे लगेच पटेल, हे मला माहीत होतं. ओल्या पायलीला दाणा चिकटतो आणि माप चुकतं, म्हणून पावसाळ्यात तो पायली धोतराच्या सोग्यानं पुसून पुसून वापरायचा. मी पाहिलं होतं. त्याच्याच धंद्यातली गोष्ट उचलून मी त्याला फसवलं.

तरी त्यानं विचारलंच. “पर साहेब, बाहेर ठिवलेलं माप आतलं कसं मोजल?”

“आत भिंतीवर मोठं यंत्र आहे ना? त्यावरून तुमच्या नावावर लिहितात.”

यंत्र होतं. पण ते त्या खोलीचं होतं. त्यावरून कुणाच्याही नावावर काही लिहीत नव्हते.

“म्हंजे मोठा काटा आत हाय,” मामा म्हणाला. “मग काय अडचन न्हाय.” आणि बिल्ला दोन्ही हातांनी, नैवेद्याची वाटी द्यावी तसा, माझ्या हातात ठेवला.

असे आठ दिवस. मी त्याचा बिल्ला टेबलाच्या खणात कोरडा ठेवायचो. बाहेर आला की परत लावायचो. नळीतली रेघ जागची हलायची नाही. अधिकाऱ्यानं एकदा विचारलं, “या कामाला एवढं कमी?” मी म्हणालो, “म्हातारा चपळ आहे.” त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग वहीकडं पाहिलं, आणि सही केली. मामा बाहेर आला की सांगायचा, “आज मोठा काटा लई हलत हुता. लिवलं असंल न्हवं?”

“लिहिलं,” मी म्हणायचो.

काम वेळेत झालं. मला वरची जागा मिळाली. दुष्काळ सरला, मामा पुन्हा बाजारात बसू लागला. मी तिकडं जायचं टाळू लागलो. गेलोच तर दुसऱ्या ओळीतून.

चार-पाच वर्षांनी त्याचं रक्त बिघडलं. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, उठताना चक्कर. सोलापूरच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी कुठं कुठं काम केलं ते विचारलं. केंद्राचं नाव निघाल्यावर ते म्हणाले, “तिथली नोंद आणा. मारा जास्त झाला असेल तर मी तिथल्या डॉक्टरांना लिहितो. ते मुंबईला मोठ्या इस्पितळात तपासून घेतील.” मामी, म्हणजे मामाची बायको, माझं घर शोधत आली. मी केंद्राला लिहून नोंदीची प्रत मागवली आणि स्वतः घेऊन गेलो. जाताना रस्ताभर ठरवत होतो की आज सांगायचं.

डॉक्टरांनी कागद वाचला. “हे तर मर्यादेत आहे. एवढ्यानं काही होत नाही.” मग मामाकडं वळून म्हणाले, “बाबा, ही नोंद बरोबर आहे ना?”

मामा खाटेवर उठून बसला. “येकदम बरोबर, डाक्टरसाहेब. मोठ्या काट्यावरनं लिवलंय. म्या बघितलंय की.” आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, “ह्येंच्या हातचं हाय.”

डॉक्टरांना मोठा काटा काय ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खोलीत मी होतो, मामी होती, आणि बोलायला पुरेसा वेळ होता. मी म्हणालो, “हो, नोंद केंद्राचीच आहे.” केंद्राला पत्र गेलं नाही, मुंबईची तपासणीही राहिली.

तो आजार त्या आठ दिवसांनी झाला, असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. डॉक्टरांनाही म्हणता आलं नसतं कदाचित. आत किती मारा बसला, हे कुणालाच कधी कळणार नाही, कारण ते मोजणारा बिल्ला माझ्या खणात होता. मुंबईला जाऊन तो वाचला असता, असंही नाही म्हणत. पण त्याला जाता आलं असतं. तो तीन महिन्यांत गेला.

दहाव्यानंतर कुंभारीला गेलो. मामीनं चहा केला. मी नको म्हणालो तरी केला.

“तुमी धावपळ करून कागद आणलासा,” ती म्हणाली. “तितल्या कामानं झालं न्हाय, येवढं तरी कळलं. मग कशानं झालं ओ, साहेब? पयला ताप आला तवा म्या काढा देऊन घरीच ठिवलं हुतं. धा दिस. माज्यानंच झालं असंल.”

“तसं नसतं, मामी.”

“न्हाय, माज्यानंच. लोकं बी म्हंत्यात.”

मी चहा संपवला आणि एसटी चुकेल म्हणून उठलो. ती फाट्यापर्यंत पोचवायला आली. बस दिसेपर्यंत तेच बोलत होती, काढ्यात काय काय घातलं होतं ते. तुळस, आलं, गवती चहा. एकेक आठवून सांगत होती, आणि मी ऐकत होतो.

आता बाजारात त्या जागी दुसरा माणूस बसतो. चांगला आहे, झपाट्यानं मोजतो.

मामी अजून कुंभारीतच आहे आणि अजून स्वतःलाच बोल लावते, असं तिकडून येणारे सांगतात. तिच्यासमोर बसून त्या आठ दिवसांचं सांगायचं आणि त्या आठ दिवसांचे आकडे खोटे आहेत असं केंद्राला माझ्या सहीनं कळवायचं, एवढं मी देणं लागतो. दोन्ही अजून झालेलं नाही.