एक बाही लांब

बाहीवाली काकी कपड्यांच्या ढिगावर सरळ जाऊन बसायची. बाकीच्या बाया भोवती उभ्या राहून, वाकून, एकमेकींच्या काखेखालून हात घालून ओढाताण करायच्या. काकी लुगड्याचा ओचा खोचून थेट वर. खालचा सगळा माल तिचा. कोणी कुरकुरलं की म्हणायची, "आंधी बसाचं, मंग पाहाचं. उभ्यानं पाहून भेटते का काही?"

गोंदियाच्या स्टेशनमागं एका गोदामात दर रविवारी जुन्या कपड्यांचे गठ्ठे फुटायचे. माल दूरच्या शहरांतला, भाव नगावर नाही तर किलोवर. म्हणून आम्ही त्याला किलोबाजार म्हणायचो. काट्यावर एक भैया असायचा. गठ्ठ्याची सुतळी कापायच्या आधी तो नाकातून म्हणायचा, "बहनजी लोग, पीछे. कपड़ा है, परसाद नहीं है." तो आवाज मी घरी इतका हुबेहूब काढायची की एकदा आमची आईच दोन पावलं मागे सरकली.

मी तेव्हा अकरावीत होती. दोन हजार साल उलटून थोडेच दिवस झाले होते. काकी आमच्या गल्लीत शेवटच्या घरात राहायची, अन् सोबत म्हणून मला न्यायची. खरं तर पिशवी धरायला. तिथं काही लाजबिज नव्हती. एकदा रेल्वे क्वार्टरमधली एक जाडी बाई अन् एक मास्तरीण, दोघींनी एकाच पँटचा एक-एक पाय धरला अन् कोणी सोडेना. वरून काकी म्हणाली, "आता एक-एक पाय घ्या अन् घरी जा, बाप्पा." मास्तरणीला हसू आलं, तिचा हात सुटला, अन् पँट क्वार्टरात गेली.

दिवाळी झाली की लोकरीचे गठ्ठे यायचे. तेव्हा काकीची तऱ्हा वेगळीच. स्वेटर उचलायची, रंग पाहायची नाही, भोक पाहायची नाही. दोन्ही बाह्यांची टोकं जुळवायची, नाकासमोर धरायची. सारखी निघाली की फेकून द्यायची. असे असे नामी स्वेटर फेकायची की बाजूच्या बाया तिच्या फेकीवरच थैल्या भरायच्या. म्हणून ती बाहीवाली काकी. नवरात्रात शारदेच्या मंडपात मी तिची नक्कल केली होती. डोळे बारीक करून बाह्या जुळवल्या, तोंड वाकडं केलं अन् स्वेटर लोकांत फेकला. गल्ली लोटपोट झाली. काकी पुढच्याच चटईवर होती. नंतर म्हणाली, "चांगली करते पोट्टी. पण डावी बाही आंधी धराव लागते."

एका रविवारी परत येताना मी विचारलंच. "काकी, सगळ्या स्वेटरच्या बाह्या सारख्याच राहतात. तू मोजून काऊन राहते?"

फाटकाशी मालगाडी थांबली होती. गाडी हलेपर्यंत तिनं सांगितलं.

काका राइस मिलमध्ये काट्यावर होते. लग्नानंतर काकी विणकाम शिकली अन् पहिलाच स्वेटर काकांचा विणला, कत्थ्या रंगाचा. डावी बाही चार बोटं लांब झाली. ती उसवायला निघाली तर काकांनी अंगात घातला तो घातलाच. जन्मभर दर थंडीत डावी बाही दुमडून मिलमध्ये जायचे. हमाल हसायचे तर म्हणायचे, "बाही बरोब्बर आहे, माझा हातच आखूड आहे." हे मीही लहानपणी ऐकलेलं. काट्यावरची सवय म्हणून त्यांचं ‘बरोब्बर’ घशाच्या खालून, वजन टाकल्यासारखं यायचं.

काका गेले. पुढं मुलाचं लग्न झालं. उन्हाळ्यात काकी बोदलकशाकडं माहेरी गेली, तेवढ्यात नव्या सुनेनं घर साफ केलं अन् पेटीतले जुने कपडे भांडेवालीला देऊन स्टीलचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेतला. काकी आली तेव्हा सुनेनं तो घासूनपुसून समोर ठेवला होता.

"मग तू काय म्हटलं?"

"काय म्हणू? म्हटलं, चांगला गंज आहे. बुड जाड आहे."

"अन् स्वेटर?"

"तिले का माहीत? सासऱ्याले पाह्यलंच नव्हतं तिनं. नवीन पोरगी, पैल्यांदा आपल्या मनानं काही घेतलं होतं. तू तिले बोलजो नोको."

भांडेवालीनं सांगितलं होतं की माल सगळा स्टेशनमागच्या गोदामात जातो. म्हणून काकी तिथं.

पुढच्या थंडीत भैयानं मला काट्यामागं बोलावलं. आपला नाकातला आवाज खाली आणून म्हणाला, "काकी को समझाओ. यहाँ का माल यहाँ नहीं खुलता, ट्रक से बाहर जाता है." म्हणजे त्या ढिगात तो स्वेटर कधी नव्हताच, येणारही नव्हता. मला ते पोटात ठेवता येईना. वाटेत सांगून टाकलं.

काकी चालता चालता म्हणाली, "माहीत आहे. मले तो पैल्याच साली बोलला."

"मग येऊन काऊन राहिली?"

"घरी बसून काय पाहू? गंज?"

सुनेला सांगायचं नव्हतं; किलोबाजारात सांगायचं नाही असं काही काकी बोलली नव्हती. बायांना कळलं. कोणाकडून, ते सोडा, माझं तोंड सगळ्यांना माहीत आहे. पण त्यानंतर ज्या बाया एका ओढणीसाठी नखं मारायच्या, त्या स्वेटर थैलीत टाकायच्या आधी बाह्या जुळवून पाहू लागल्या. एकदा क्वार्टरवाली जाडी बाई एकदम थांबली. तिच्या हातातल्या स्वेटरची एक बाही लांब होती. स्वेटर हातोहात वर गेला. हिरवा होता. काकीनं तो मांडीवर घेतला, लांब बाही दुमडून पाहिली, परत सोडली.

"हा विणला त्या बाईनंही चुकवलंच," म्हणाली, अन् तो वजन करून घरी नेला. तिनं तिथून घेतलेला स्वेटर तेवढाच एक.

त्यानंतर दोन थंड्या गेल्या अन् तिसरीत काकीची छाती भरली. ती खाटेवरून उठेना. मी भेटायला गेली तर हिरवा स्वेटर अंगात, एक बाही दुमडलेली. स्वयंपाकघरात तिची सून, आमची वहिनी, त्याच गंजात काकीसाठी पाणी तापवत होती.

काकी म्हणाली, "काकाचा आवाज काढ."

मी कधी तिच्यासमोर काढला नव्हता. घसा खाली नेला अन् म्हटलं, "बाही बरोब्बर आहे, माझा हातच आखूड आहे."

ती हसली, खोकली, मग डोळे मिटले. तशीच बोलली, पण माझ्याशी नाही.

"तुमचा स्वेटर नाही भेटला वो मले. लय पाह्यला."

नकला करणाऱ्याकडं ऐकलेलंच असते, अन् काकांचं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. होता तो एकच शब्द. तोच दिला.

"बरोब्बर."

"हं," काकी म्हणाली.

आतून वहिनी डोक्यावर पदर घेत लगबगीनं आली. घरात कोणी मोठं माणूस बोललं असं तिला वाटलं. खोलीत पाहते तर मी अन् काकी. पण पदर तिनं तसाच राहू दिला.

काकी त्याच आठवड्यात गेली.

पुढच्या थंडीत मी एकटीच किलोबाजारात गेली. आधी बसली, मग पाहिलं. पहिलाच स्वेटर हाताला लागला तो निळा, मऊ, नवाकोरा वाटावा असा. मी डावी बाही धरली, उजवी जुळवली अन् फेकून दिला. बाजूला एक नवीन बाई होती. तिनं तो वरच्यावर झेलला, उलटासुलटा करून पाहिला.

"चांगला तर आहे. फेकून काऊन राहिली?"

"बाह्या सारख्या निघाल्या," मी म्हटलं.